रान उघडलं न्हाई

“रान उघडलं न्हाई, फोटोवाले.”

प्रिंटरमधून कागद बाहेर आला की आबा तो दोन्ही तळव्यांवर घेऊन मागच्या दाराच्या उजेडात जात. आधी कागदाचा कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरून चोळत. मग कागद गालाला लावून ओल बघत. मग हात लांब करून, एक डोळा मिटून, हे वाक्य म्हणत. आवाजात तक्रार नसे. शेजाऱ्याच्या बांधावर उभं राहून, पेरलेलं अजून वर आलं नाही, असं सांगावं तसं सांगत.

ते रान का उघडत नव्हतं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि आबांना तर नाहीच.

आबांचं नाव लिहीत नाही. परतूरला आमच्या गल्लीत सगळे त्यांना आबाच म्हणत. तुमच्याही गल्लीत असं कुणी असेल: निवृत्त झाल्यावरही सकाळी सदरा घालून, बटणं गळ्यापर्यंत लावून ओट्यावर बसणारं, जणू आत्ता कुणी कामाला बोलवायला येईल.

त्यांचा जन्म कापसात गेला. जिनिंगमध्ये ते ग्रेडर होते. गाडी आली की मुठीत कापूस घ्यायचा, दोन चिमटींत ओढून तार किती लांब आहे ते बघायचं, गालाला लावून पाणी मारलंय का ते ओळखायचं, आणि भाव ठरण्याआधी शब्द द्यायचा. शेतकरी म्हणायचा, “आबा, पांढराशुभ्र हाय की!” आबा म्हणायचे, “शुभ्र हाय, पर सकाळी आंघोळ करून आल्ता वाटतं.” भोवतीचे हसायचे, शेतकरीही हसायचा, आणि आबांचा शब्द राहायचा. त्यांनी कुणासाठी खोटं सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, पासपोर्ट. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओचं झेरॉक्सचं दुकान झालं. मुलीच्या शिक्षणासाठी बायको संभाजीनगरला राहायला गेली. मी आधी दर शनिवारी जायचो, पुढेपुढे सणावाराला. त्याबद्दल इथे एवढंच पुरे. दुकान बंद केल्यावर घरी जाऊन करायचं काय, हा प्रश्न मला रोज संध्याकाळी पडायचा.

अशाच एका संध्याकाळी आबा दुकानात आले आणि म्हणाले, “रान छापायचं हाय. शिकवा.”

मावशी, म्हणजे आबांची बायको, न्हाणीत पडल्या होत्या. खुब्याचं हाड गेलं, ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. मधल्या खोलीत खाटेवर पडून असायच्या. त्यांचं माहेर पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला एका वाडीवर. घर शेळ्या-मेंढ्यांचं. वाडीच्या वर एक राखलेलं रान आहे, त्याला ‘आईचं रान’ म्हणतात. मधोमध देवीची शेंदूर लावलेली शिळा, आणि भोवती झाडं इतकी दाट की भर दुपारी आत दिवेलागणीसारखं वाटतं. तिथली काडी कुणी मोडत नाही. पडलेलं लाकूडही उचलत नाहीत. बाहेर पडताना बायका पदर झटकतात, पुरुष धोतर-सदरा झटकतात. चुकून एखादं पान अंगाला लागून आपल्याबरोबर जाऊ नये म्हणून. आणि आत आपल्या हातून जे पडेल ते देवीचं.

खाटेवर पडल्यापासून मावशींनी एकच धोशा लावला होता. एकदा ते रान बघायचंय.

नेणं शक्य नव्हतं. म्हणून आबांनी पुण्याला दिलेल्या आपल्या पोरीचा जुना कॅमेरा घेतला, जालन्याला एक आणि भोकरदनला एक अशा एसट्या बदलल्या आणि रानात गेले. तिथल्या म्हाताऱ्या गुरवाला विचारलं, फोटो काढला तर चालतं का? काडी न्यायची नाही, तर मग चित्र? गुरव बराच वेळ विचार करत बसला. शेवटी म्हणाला, “सावली न्या. पर पयली तिला आनून दाखवा. मंग घरात.”

आबांना हे एकदम पटलं. नव्या जोंधळ्याचं पहिलं कणीस देवाचं, म्हशीचा पहिला खरवस देवाचा, तशी पहिली छपाई देवीची. फोटो काढून बाहेर निघताना त्यांनी रिवाजाप्रमाणे सदरा झटकला, कॅमेऱ्याची पिशवी झटकली, आणि पिशवीतून भिंगाचं झाकण आत गवतात पडलं.

“मग उचललं नाही?” मी विचारलं.

“कसं उचलणार? आता ते देवीचं झालं.” पुढे त्या कॅमेऱ्याच्या तोंडाला लोणच्याच्या बरणीचं झाकण रबराने बांधलेलं असायचं.

मी म्हणालो, “आणा इकडे फोटो, मी छापून देतो.”

“देवीला इकतचं पुरण दावतं का कोनी? घरी छापायचं, सोताच्या हातानं. तुम्ही निस्तं शिकवा.”

तर असं ते घरच्या छपाईचं शिक्षण सुरू झालं. आबांनी टाकीवाला रंगीत प्रिंटर घेतला. पोरीनं पुण्याहून तिचा जुना लॅपटॉप पाठवला. छपाईची खोली पुढची, उजेडाचं दार मागचं, आणि मध्ये मावशींची खाट. देवीच्या आधी घरच्यांनी बघायचं नाही, म्हणून आबा प्रत्येक कागद टॉवेलखाली झाकून खाटेजवळून घाईघाईने न्यायचे.

मावशी म्हणायच्या, “झाकून काय नेताय, पोरगी पळवून आणल्यावानी?”

“गप पड. येळ आल्यावर दिसंल.”

“आन गालाला हिरवं काय लागलंय? म्हातारपणी मेंदी काढून राह्यलात का?”

गालाला लावून ओल बघायची सवय कापसाला ठीक होती, शाईला नव्हती. आबा दिवसभर एका गालाने हिरवे असायचे.

फोटो चांगला होता. उगाच कौतुक करत नाही, मी आयुष्यभर फोटो बघितलेत. मधोमध एक पांढरूख. या झाडाची साल कागदासारखी सुटते आणि खालचं खोड चुन्यासारखं पांढरं दिसतं. त्याच्यामागे झाडांची दाटी, एका जाडजूड वेलीचा झोका, आणि पार आत शेंदराचा ठिपका. नवख्या माणसाला असं रान छापणं जड जातं. पांढऱ्याला सांभाळावं तर बाकीचं काळं होतं, काळं उजळावं तर पांढरं कोरा कागद होऊन जातं.

“जल्म पांढऱ्यात गेला आपला,” आबा म्हणायचे. “काळ्यातलं आपल्याला काय कळतं?”

पण त्यांचं चुकत होतं ते काळ्या-पांढऱ्यात नव्हतं. पुढची खोली ऊन येऊ नये म्हणून बंद. लॅपटॉपच्या स्क्रीनचा उजेड पार वरच्या टोकाला नेलेला. अंधाऱ्या खोलीत तो पडदा ट्यूबलाइटसारखा पेटलेला असायचा. त्यावर रान फार उजळ दिसतं म्हणून आबा ते हाताने काळसर करायचे. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. त्यावर ते काळंकुट्ट उतरायचं. धंद्यातल्या कुणालाही हे दारातूनच कळलं असतं. मलाही कळलं. ‘आबा, आधी स्क्रीनचा उजेड कमी करा,’ एवढंच सांगायचं होतं.

त्या पहिल्या संध्याकाळी मी ते सांगणारच होतो. पण आबांनी धपाटे आणि दही समोर ठेवलं, मावशी आतून माझ्या मुलीबद्दल विचारायला लागल्या, आणि मी किती तरी दिवसांनी कुणाच्या तरी घरात बसून जेवलो. निघताना आबा म्हणाले, “उद्या येताल ना? उघडलं न्हाई अजून.” मी म्हणालो, “येतो.” आणि ते वाक्य उद्यावर ठेवलं.

उद्या ते सांगायला आदल्या दिवसापेक्षा थोडं जड गेलं. परवा आणखी जड. आबा विचारणार, ‘मंग काल का न्हाई बोललात?’

बाकीचं मी सगळं शिकवलं, अगदी मन लावून. चकचकीत कागद सोडून मॅट कागद घ्यायला लावला. पूर्ण कागद वाया घालवण्याआधी फोटोची एक अरुंद पट्टी छापून बघायची, हे दाखवलं. आबांना ते फार आवडलं. गाडीतून मूठभर नमुना काढतात तसंच हे. बिघडलेल्या पट्ट्यांना ते किडक्या कापसासारखं ‘कवडी’ म्हणायचे आणि उशीखाली ठेवायचे, कारण देवीच्या रानाचं काळंबेरं चित्र का असेना, केरात कसं टाकायचं? आमच्याकडच्या उन्हात प्रिंटरची शाई सुकते, म्हणून रोज एक रंगपट्टी काढायची, हेही सांगितलं. एकदा छापता छापता लाइट गेली आणि कागदावर अर्धंच रान आलं, नुसते शेंडे. आतून मावशी ओरडल्या, “लाइट गेली का? मंग आता तुमचं रान बराबर दिसत आसंल, सगळंच काळं!”

मावशींना लॅपटॉपवर दाखवायचा प्रयत्न आबांनी केला होता. कणीस शेतात ताटावर उभं आहे तोवर बघायला हरकत नाही, तसंच न छापलेल्या फोटोचं, असा त्यांनी हिशेब लावला. पण मावशींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पडद्याच्या झगमगाटात त्यांना नुसता पांढरा धूर दिसला. “ह्या डब्यातलं मला दिसत न्हाई. कागदावर आणा,” त्या म्हणाल्या.

मी एकदा आबांना म्हणालो, “त्यातल्या त्यात बरी प्रत दाखवून टाका की मावशींना.”

“किडकं कणीस देवाला कोन देतं? आन देवाच्या आधी घरात कोन आनतं?”

आबा रिवाजात अडकले होते आणि मी माझ्या गप्प बसण्यात, आणि दोघांच्या मध्ये मावशी पडून होत्या.

एक दिवस आबा दूध आणायला गेले असताना मावशींनी मला हाक मारली. आता आवाज खोल गेला होता. पाय सुजले होते.

“फोटोवाले, खरं सांगा. पांढऱ्या झाडाच्या डाव्या अंगाला एक बसका दगड हाय. शेळ्या बाहेर सोडून मी तिथं बसायचे. मधी गुळगुळीत झालाय तो. फोटोत आलाय का?”

मी पडद्यावर पाहिला होता तो दगड. “आलाय, मावशी.”

“ह्यांना सांगू नका. म्हणतील, एका दगडापायी एवढा खर्चा लावला का.” त्या हसल्या. मग म्हणाल्या, “येईल का हो कागदावर?”

“येईल. जरा वेळ लागतो.”

“येळच न्हाई ना बापा तेवढा,” त्या म्हणाल्या, तसंच हसत.

दुसऱ्या दिवशी मी ठरवून गेलो. आबा स्वयंपाकघरात चहा ठेवत होते. मी लॅपटॉपसमोर बसलो आणि उजेडाची कळ दाबत गेलो. पडदा मंद होत होत कागदाइतकाच उजळ राहिला, आणि आबांनी काळं केलेलं रान कागदावर कसं उतरतं ते समोर आलं. मी सावल्या जराशा वर घेतल्या. झाडांमधला अंधार सुटा व्हायला लागला. खोडामागे खोड दिसलं. वेल दिसली. डावीकडे तो दगड वर आला, मध्ये खोलगट, जणू आत्ता कुणी उठून गेलंय.

आतून कपबशांचा आवाज आला आणि मी सगळं होतं तसं केलं. उजेड परत वरच्या टोकाला.

का केलं, याचं उत्तर मी खूप शोधलं. आबांचा हेवा नव्हता. धंद्याचा प्रश्न नव्हता. रान उघडलं असतं तर आबा ते घेऊन देवीकडे गेले असते, परत येऊन खाटेसमोरच्या भिंतीवर लावलं असतं, मला पेढा दिला असता. आणि त्यानंतरच्या संध्याकाळी मला त्या घरी जायला काही कारण उरलं नसतं. एवढंच होतं. एवढ्यासाठी मी एका मरणाऱ्या बाईचं रान अंधारात ठेवलं.

आबांनी चहाचा कप हातात दिला आणि विचारलं, “काय म्हणतंय?”

“अजून एक पट्टी काढू,” मी म्हणालो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मावशींना जालन्याला दवाखान्यात हलवलं. गाडीत घालताना त्या आबांना म्हणाल्या, “मी येईस्तवर छापून ठेवा, बरं का.” आबांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. “तेवढी रोज एक रंगपट्टी काढत जावा. न्हाई तर तोंड सुकतं त्याचं.”

घर माझ्या ताब्यात होतं. प्रिंटर होता, कागद होता, फोटो होता. जालना काही लांब नाही, रेल्वेने दुपारी निघालो असतो तर संध्याकाळी मावशींच्या हातात कागद दिला असता. मी रोज गेलो. रोज एक रंगपट्टी काढली. आबांनी सांगितलं होतं तेवढंच केलं. सांगितलेलं केलं, असं म्हणायला बरं पडतं.

मावशी परत आल्या त्या तशाच, पांढऱ्या गाडीतून.

तेरावं झाल्यावर पाहुणे गेले आणि घर रिकामं झालं. मी नेहमीच्या वेळी गेलो. आबा खाटेच्या जागेकडे बघत बसले होते. खाट बाहेर उभी करून ठेवली होती. मी शेजारी बसलो. मग ते म्हणाले,

“एक सांगू का तुम्हाला? दुसऱ्या कोनाला सांगता यायचं न्हाई.”

“सांगा.”

“शेवटी शुद्धीवर आल्ती जराशी. इचारलं तिनं, उघडलं का म्हणून. मी म्हणलो, उघडलं. देवीला दाखवून आलो, म्हणलो. बिलकुल झकास आलंय.” त्यांच्या हातात कापूस नव्हता, कागद नव्हता, तरी अंगठा तर्जनीवर फिरत होता. “खोटं बोललो, फोटोवाले. उभ्या जल्मात कोनाला खोटा नमुना दाखवला न्हाई. आन तिला दाखवला. ते बी देवीचं नाव घेऊन.”

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी बोलायचं. मी तोंड उघडलंही होतं. पण तो माणूस माझ्यासमोर एका खोट्यासाठी मान खाली घालून बसला होता, आणि त्याला ते खोटं बोलायला लावलं होतं मी. मी उठलो आणि पाण्याचा तांब्या भरून आणला.

पोरीनं त्यांना पुण्याला नेलं. सामान आवरताना त्यांनी प्रिंटर, कागद आणि त्या फोटोचं कार्ड माझ्या दुकानात आणून ठेवलं. मी म्हणालो, “आबा, स्वतःच्या हाताने छापायचं होतं ना?”

“आता माझा हात काय अन् तुमचा काय, येकच. मी तिला जे बोललो ते तेवढं खरं करा.”

त्यांची रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या कॉम्प्युटरचा उजेड कमी केला, एक पट्टी काढली, मागच्या दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात पाहिली आणि पूर्ण कागद लावला.

रान पहिल्याच कागदावर उघडलं.

पांढरूख उजळ आलं, पण कोरं नाही. सालीचे पापुद्रे मोजता येतील असं. मागच्या अंधारात झाडामागे झाड दिसत होतं, त्यामागे आणखी एक, आणि आत शेंदूर. आणि डावीकडे मावशींचा दगड. नकळत मी कागद गालाला लावला. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. “काय भाऊ, गाल हिरवा झालाय,” ते म्हणालं.

आबा महिन्यातून एखादा फोन करतात. सातव्या मजल्यावर राहतात. खाली झाडं आहेत पण सगळी एकाच उंचीची कापलेली, असं सांगतात. आवाज जरा मागे मागे गेलाय. जावई बरा आहे म्हणतात. मग विचारतात, “उघडलं का?”

मी म्हणतो, “अजून नाही, आबा.”

कारण उघडलं म्हटलं की ते विचारणार, कसं? आणि त्या ‘कसं’चं उत्तर थेट त्या पहिल्या संध्याकाळी, धपाट्यांच्या ताटाशी जातं, आणि तिथून मधल्या खोलीतल्या खाटेशी.

“असू द्या,” ते उलट माझीच समजूत घालतात. “जल्दी करू नका. लई केलं तुम्ही आमच्यासाठी. रोज येत होतात. येवढं कोन करतं?”

ती प्रत दुकानाच्या कपाटात आहे, पातळ कागदात गुंडाळून. एकदा ती घेऊन भोकरदनच्या स्टँडपर्यंत गेलो आणि तिथूनच परत आलो. गुरवानं विचारलं असतं, कुणी पाठवलं, तर काय सांगणार होतो?

ती प्रत देवीची आहे. ती मला पोचवायची आहे. पण त्याच्या आधी आबांना फोन करून सांगायचं आहे: रान उघडलंय, आबा. पहिल्याच कागदावर. मावशी होत्या तेव्हाही ते उघडलं असतं, आणि मला ते माहीत होतं.

एवढं मी त्यांना देणं लागतो. अजून दिलेलं नाही.